लाल खोकं

सहावीत असताना मी आठवडी बाजारातून दहा रुपयांना एक गुलाबी पिल्लू विकत आणलं. कोंबडीचं पिल्लू गुलाबी नसतं, एवढं मला कळत होतं. पण टोपलीत हिरवी, निळी, केशरी अशी शंभरेक पिल्लं चिवचिवत होती आणि त्यातलं एक माझ्या हातात आल्यावर गप्प झालं. मला तेवढं पुरलं.

घरी आल्यापासून ते माझ्यामागे चालायला लागलं. मी स्वयंपाकघरात गेले की स्वयंपाकघरात, अंगणात गेले की अंगणात. आंघोळीला गेले की बाथरूमच्या दाराबाहेर ओरडत उभं राहायचं, दार उघडलं की गप्प. आई म्हणायची, "तुला आई समजतंय ते." मला याचा फार अभिमान वाटायचा. मी घरात सगळ्यांत धाकटी, त्यामुळे तोवर सगळ्यांच्या मागे मीच फिरत आले होते. माझ्यामागे फिरणारं कुणीतरी पहिल्यांदाच आलं होतं.

सहाव्या दिवशी आम्ही मामाच्या लग्नाला नागपूरला गेलो. बुटाच्या खोक्यात पिल्लू, एका वाटीत पाणी, एकीत कण्या, झाकणाला भोकं, आणि शेजारच्या काकूंना "जरा लक्ष ठेवा". दोन दिवसांनी परत आलो तर ते मेलेलं होतं. काकू म्हणाल्या, "काही खाल्लंच नाही गं त्यानं. नुसतं ओरडत होतं."

आईने समजूत घातली, की बाजारातली रंगवलेली पिल्लं जगत नाहीतच. ते खोटं नव्हतं. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींमधली नर पिल्लं हॅचरीला नको असतात. ना ती अंडी देणार, ना त्यांना फारसं मांस येणार. त्यातलीच काही रंगवून बाजारात येतात. एवढ्याशा पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, हेही मला नंतर कळलं. ते बहुधा थंडीने मेलं. पण "नुसतं ओरडत होतं" हे काकूंचं वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

*

ते सगळं पुन्हा वर आलं ते एका मीटिंगमध्ये. मी तेव्हा लहान मुलांसाठीच्या एका शिकण्याच्या अ‍ॅपवर काम करत होते. अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मुलाला काय दिसावं, यावर चर्चा चालू होती. आमचा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला, "पहिल्याच सेशनमध्ये मूल इम्प्रिंट झालं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर हा शब्द नेमका कुठून आला ते शोधत बसले. पुढचे दोनेक महिने रात्री मी तेच वाचत होते.

गोष्ट सुरू होते १८७३ साली. डग्लस स्पाल्डिंग नावाच्या ब्रिटिश माणसाने अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांच्या डोळ्यांवर छोट्या टोप्या चढवल्या आणि वेगवेगळ्या वेळी त्या काढून पिल्लं काय करतात ते पाहिलं. दोन-तीन दिवसांचं पिल्लू समोर जे हलेल त्याच्यामागे जायचं, मग ती कोंबडी असो, बदक असो की माणूस. पण ज्या तीन पिल्लांच्या टोप्या जवळजवळ चार दिवसांनी काढल्या, ती स्पाल्डिंगला पाहून घाबरून पळाली. आदल्या दिवशी टोपी काढली असती तर हीच पिल्लं धावत माझ्याकडे आली असती, असं त्याने लिहून ठेवलंय. एका दिवसाचा फरक. काल जो आई झाला असता, तो आज शिकारी.

१९३५ साली ऑस्ट्रियाच्या कोन्राड लॉरेन्झने याला नाव दिलं. जर्मनमध्ये त्याने वापरलेला शब्द नाण्यावर छाप मारण्यासाठी वापरतात. इंग्रजीत त्याचं इम्प्रिंटिंग झालं. आपण ठसा म्हणू. लॉरेन्झच्या मागे रांगेने चालणाऱ्या राखी हंसांच्या पिल्लांचे फोटो तुम्ही कुठेतरी पाहिले असतील.

पण माझी रात्रीची झोप उडवली ती लॉरेन्झच्या हंसांनी नाही, एका लाल खोक्याने.

१९७०च्या आसपास गॅब्रिएल हॉर्न, पॅट्रिक बेटसन आणि स्टीव्हन रोझ या शास्त्रज्ञांनी प्रश्न विचारला, की हा ठसा मेंदूत नेमका कुठे उमटतो? केंब्रिजमध्ये पुढे अनेक वर्षं चाललेल्या प्रयोगांची रचना साधारण अशी होती. अंडी अंधारात उबवायची. पिल्लू अंधारातच बाहेर येतं. मग त्याला एका चाकात ठेवायचं, उंदराच्या पिंजऱ्यात असतं तसल्या. समोर आतून दिवा लावलेलं, गोल फिरणारं एक लाल खोकं. पिल्लाने आयुष्यात पाहिलेली ही पहिली गोष्ट. ते खोक्याकडे धाव घेतं. चाक फिरतं. पिल्लू जागच्या जागीच राहतं आणि धावत राहतं. चाकाचे किती फेरे झाले, ते यंत्र मोजत असतं. नंतर त्याच्यासमोर ते लाल खोकं आणि एखादी नवी वस्तू ठेवली, की ते खोक्याकडे जातं.

तासाभराच्या अशा धावण्याने त्या पिल्लाच्या डोक्यात काय बदलतं? मेंदूच्या दोन्ही बाजूंना एक छोटा पट्टा आहे, त्याला आता आयएमएम म्हणतात. तो काढून टाकला तर खोक्याची ओळख राहत नाही. खोक्याकडे जाणं शिकलेल्या पिल्लांमध्ये डाव्या बाजूच्या या पट्ट्यात एनएमडीए नावाचे रिसेप्टर वाढलेले आढळले. हे रिसेप्टर ग्लुटामेट या रसायनाला प्रतिसाद देतात, पण एका अटीवर. ग्लुटामेट यायला हवं आणि त्याच वेळी ती पेशी आधीच उत्तेजित असायला हवी. दोन्ही एकदम घडलं तरच दार उघडतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेलं अँड गेट मला तिथे दिसलं. "हे दिसलं" आणि "मी धावतेय" या दोन गोष्टींची गाठ बांधायची तर असंच काहीतरी लागणार.

याहून चकित करणारा शोध २००१मधला. ज्या पिल्लाची ओढ जास्त पक्की, त्याच्या त्या डाव्या पट्ट्यातून गाबा आणि टॉरीन ही रसायनंही जास्त सुटत होती. गाबा हा मेंदूचा ब्रेक आहे, टॉरीनचं कामही बरंचसं त्याच जातीचं. म्हणजे ओढ पक्की होताना फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला जात नाही, ब्रेकही घट्ट होतात. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावला, की एकाला "हो" म्हणताना मेंदू बाकी सगळ्यांना "नाही" म्हणायलाही शिकत असावा.

आणि त्या तीन दिवसांचं कुलूप? २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ते थायरॉइडच्या हार्मोनशी जोडलेलं आहे. हे हार्मोन मेंदूत पोचतं तेव्हा ठसा उमटण्याची खिडकी उघडते. मुदत संपलेल्या पिल्लाला ते टोचून दिलं, तर ते पुन्हा शिकू शकतं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण शेकडो पिल्लांच्या मेंदूचे काप केले गेले. वाचताना ते मी विसरू शकले नाही. माझं एक मेलं तर मी वीस वर्षं तेच उगाळत बसलेय.

*

आता प्रश्न. माझं गुलाबी पिल्लू माझ्यामागे धावायचं, ते प्रेम होतं की ग्लुटामेट?

आपल्या पिढीला हा प्रश्न असाच विचारायची सवय लागली आहे. प्रेम म्हणजे डोपामाइन, माया म्हणजे ऑक्सिटोसिन, पुढचं रील. जणू रसायनाचं नाव कळलं की गोष्टीची किंमत संपते. मला हे पटत नाही. मराठी ही भाषा मी निवडलेली नाही. माझ्याही कानांची एक खिडकी उघडी होती, तेव्हा घरात जे बोललं जात होतं ते आत आलं. त्याचाही कुठल्या तरी पेशींमध्ये काहीतरी हिशेब असणार. म्हणून माझं मराठी खोटं आहे, असं कुणी म्हणत नाही. एखादी गोष्ट कशी घडली आणि तिचं मोल काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा रद्द होत नाही.

पण मग ते लाल खोकं आडवं येतं. खोक्यामागे धावणारं पिल्लू आणि आईमागे धावणारं पिल्लू, दोघांची धडपड सारखी. दोघंही मनापासून धावतायत. खोक्यामागे धावणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. त्याच्यापाशी असलेलं सगळं त्याने दिलंय.

इथे शास्त्रज्ञ एक बारीक फरक सांगतात. अंधारात वाढलेल्या, काहीही न पाहिलेल्या पिल्लालाही कोंबडीसारख्या आकाराची थोडी उपजत ओढ असते. त्यासाठी पेंढा भरलेली रानकोंबडी वापरत. हीच तांबडी रानकोंबडी जगभरच्या पाळीव कोंबड्यांची पूर्वज, आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलांत आजही आहे. डोकं आणि मान जागच्या जागी दिसली, की पिल्लू तिकडे झुकतं. आयएमएम काढून टाकलं तरी ही ओढ टिकते. मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी केलं, तेव्हा लाल खोक्याचा ठसा फिका पडला, पण रानकोंबडीवर शिकवलेल्या पिल्लांमध्ये तसं दिसलं नाही. म्हणजे निसर्गाने पिल्लाला आईच्या दिशेने एक हलका धक्का देऊन ठेवलाय. पण तो हलकाच आहे. समोर आई नसेल आणि खोकं असेल, तर पिल्लू खोक्याचं होतं.

म्हणून मला वाटतं, की खऱ्याखोट्याचा निवाडा आपण चुकीच्या टोकाला करत होतो. धावणाऱ्याच्या मेंदूत कितीही खोल गेलात तरी तिथे उत्तर नाही. फरक दुसऱ्या टोकाला आहे. तिथे कुणी आहे की नाही? ज्याच्यामागे धाव घेतली जाते, त्याला मागे कुणी आहे हे कळतं का? आणि कळत असेल, तर तो काय देणं लागतो?

*

अकरा वर्षांच्या मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, काहीच नाही. मी थोडीच त्याला माझ्यामागे यायला सांगितलं होतं? जबाबदारीबद्दल आपण मोठेपणीही बहुतेक असाच विचार करतो. वचन दिलं, सही केली, हो म्हटलं, तर जबाबदारी. नाहीतर नाही. पण जगातलं सगळ्यांत जड देणं या हिशेबात बसतच नाही. मुलाने आईबापांशी करार केलेला नसतो. त्याची खिडकी उघडी होती आणि तिच्यासमोर ते उभे होते, इतकंच. आणि मी तर निव्वळ उभीही नव्हते. मी पाच दिवस त्याचा अभिमान मिरवला होता. एखाद्याचं मागे येणं आपल्याला आवडलं, तिथेच आपण त्याचं काहीतरी लागू लागतो, असं मला आता वाटतं.

लंचला हे बोलले, तर टीममधला एकजण म्हणाला, "मग आईबाप, शाळा, देव, पक्ष, सगळेच तर लहान मुलांच्या खिडकीसमोर जाऊन उभे राहतात. आपणच काय वेगळं करतोय?" प्रश्न रास्त होता. मला लगेच उत्तर आलं नाही. खिडकी रिकामी ठेवता येत नाही. कुणी ना कुणी उभं राहणारच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. पिल्लावरून माणसावर सरळ उडी मारता येत नाही. माणसाचं मूल तीन दिवसांत बंद होणारी खिडकी घेऊन जन्मत नाही. त्याचा जीव वर्षानुवर्षं, आवाजातून, वासातून, स्पर्शातून जडत जातो आणि पुढेही बदलत राहतो. ही उडी मारली की काय होतं, याचं उदाहरण खुद्द लॉरेन्झ आहे. १९३८ साली तो नाझी पक्षात गेला. १९४० साली त्याने लिहिलं, की पाळीव प्राण्यांमध्ये जसा ऱ्हास होतो तसाच सुधारलेल्या माणसांमध्येही होतो. ते लिखाण नाझींच्या वंशशुद्धीच्या विचाराला जोडलेलं होतं. त्यानंतर १९७३मध्ये त्याला नोबेल मिळालं. हंसांबद्दल तो बरोबर होता. माणसांबद्दल बोलताना त्याने हंसांचा अधिकार उसना घेतला. त्यामुळे मी असं म्हणत नाही, की अ‍ॅप वापरणाऱ्या मुलांच्या मेंदूत तेच घडतं जे त्या पिल्लांच्या आयएमएममध्ये घडलं. पिल्लामुळे मला उत्तर मिळालेलं नाही. त्याच्यामुळे प्रश्न नीट विचारता आला.

लंचवरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते आजीच्या कोंबडीवरून.

आजीचं गाव भंडारा जिल्ह्यात, तलावाकाठी. कोंबडी खुडूक बसली, की आजी कधीकधी तिच्याखाली बदकाची अंडी ठेवायची. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, बदकाची अठ्ठावीस. कोंबडी तो जादाचा आठवडाही बसून काढायची. पिल्लं निघाली की तिलाच आई मानायची. आणि मग एक दिवस सगळी पाण्यात उतरायची. कोंबडी काठावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे, ओरडत फिरायची. आम्ही पोरं हसायचो. आजी म्हणायची, "हसू नका रे. तिला पोहता येत नाही म्हणून ती काठावर आहे. घरी निघून नाही गेली ती."

त्या कोंबडीनेही काही निवडलं नव्हतं. अंडीसुद्धा तिची नव्हती. पण ती रात्री पंखाखाली ऊब द्यायची. आकाशात घार दिसली की वेगळा आवाज काढायची. दाणा सापडला की आधी पिल्लांना बोलवायची. आणि दीड-दोन महिन्यांनी आणखी एक गोष्ट करायची, जी लहानपणी मला दुष्टपणा वाटायची. पिल्लं जवळ आली की टोच मारून हाकलायची. जा आता.

लाल खोकं हे कधीच करणार नाही. तुम्ही त्याच्यामागे धावणं थांबवावं, यासाठी त्याच्यापाशी काहीच नाही. खिडकीसमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बाप असो, शिक्षक असो, पक्ष असो की आम्ही, हाच एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं. तुझ्यामागे येणारा एक दिवस तुझ्यावाचून चालू शकेल, यासाठी तू काय करतोस? यात कितीतरी आईबाप आणि शाळाही नापास होतील. होऊ देत. म्हणून आम्ही पास होत नाही.

*

आता मी काय केलं होतं, ते सांगते.

आमच्या अ‍ॅपमध्ये एक पिल्लू होतं. पिवळं, गोल, मोठ्या डोळ्यांचं. मुलाने अ‍ॅप बंद करायला बोट नेलं, की ते रडायचं. डोळ्यांत पाणी, मान खाली आणि बारीक चिवचिवाट. तो भाग मी लिहिला होता. आवाजाच्या तीन नमुन्यांतून एक निवडायचा होता, तोही मीच निवडला. सगळ्यांत खरा वाटणारा. तो मला खरा का वाटला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

वाचून झाल्यावर मी एक बदल सुचवला. बंद करताना पिल्लाने जांभई द्यावी आणि झोपून जावं. मॅनेजर चांगला माणूस आहे. तो म्हणाला, टेस्ट करून पाहू. दोन आठवडे निम्म्या मुलांना रडणारं पिल्लू दिसलं, निम्म्यांना झोपणारं. झोपणाऱ्या पिल्लाच्या गटातली मुलं अ‍ॅप लवकर बंद करून निघून जात होती. म्हणजे बदल जसा चालायला हवा होता अगदी तसाच चालला, आणि त्याच कारणाने तो मागे घेतला गेला.

मी आता त्या टीमवर नाही. पण कोड तिथेच आहे, आणि त्या ओळी कुणी लिहिल्या हे पाहिलं तर माझंच नाव निघतं.

आधी मला वाटायचं, की आम्ही मुलांना खोक्यामागे धावायला लावलं, हा आमचा दोष. आता वाटतं, आम्ही केलं ते त्याहून वाईट होतं. रडणारं पिल्लू पाहून मूल थांबतं, ते त्याच्यामागे धावतंय म्हणून नाही. त्याला वाटतं, हे माझ्यामागे आलंय, मी गेले तर याचं काय होईल. चार-पाच वर्षांच्या मुलाला कुणीही न शिकवता हे वाटतं. माणसाकडे असलेल्या चांगल्या गोष्टींतली ही एक, आणि आम्ही तीच वापरली.

नागपूरला निघताना बुटाच्या खोक्याचं झाकण लावलं, तेव्हा ते पिल्लू असंच ओरडलं होतं. मला थांबावंसं वाटलं होतं. बाबांनी हॉर्न वाजवला आणि मी गेले.